पंधरा खिळ्यांतला बारावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका शिक्षकबंधूंचं पत्र होतं. शाळेतले दहा-बारा संगणक लिलावात काढायचं घाटतंय, असं त्यांनी कळवलं होतं आणि कारणं तीन दिली होती. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाही. आणि लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली) टाकून पाहिलं, पण 'त्याला दुसरा पडदा लागत नाही, प्रोजेक्टर तर मुळीच नाही'. पहिली दोन कारणं खरी, मीही त्यातून गेलोय. तिसरं कुणीतरी कुणाला सांगितलेलं आणि कुणीच न तपासलेलं दिसतं. माझ्या टेबलावर आत्ता या घडीला लिनक्सवर दोन पडदे, म्हणजे दोन मॉनिटर, चालू आहेत. डाव्यावर एका वकीलसाहेबांच्या हस्ताक्षरातला दावा उघडा आहे, उजव्यावर हे पत्र टाइप करतोय. दावा उद्या द्यायचाय, पण तो तासभर थांबेल.

मी अमळनेरचा. वडील प्रताप मिलमध्ये होते. मी १९८२ साली दहावी झालो आणि छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. चौदा वर्षं हातात स्टिक, म्हणजे खिळे रचायची पट्टी, होती, १९९६ पासून कळफलक आहे. लग्नपत्रिका, सखाराम महाराजांच्या यात्रेतली हँडबिलं, कानबाईच्या उत्सवाच्या पावत्या, कोर्टाचे अर्ज, क्वचित एखाद्या निवृत्त गुरुजींचा कवितासंग्रह. गल्लीत मला जिभाऊ म्हणतात. संगणकातला मी इंजिनिअर नव्हे, हे आधीच सांगतो. माझं सगळं शिक्षण डोळ्याचं.

खिळे जुळवणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायचे. कॉपी, म्हणजे मूळ मजकूर, समोर, स्टिक हातात, नजर या दोन्हींत फिरती. कॉपी कधी झाकू द्यायची नाही. संगणक आला आणि नेमकं हेच गेलं. एका पडद्यावर गिऱ्हाइकाने मोबाइलवर पाठवलेला कागदाचा फोटो उघडला की टायपायचं पान मागे जातं. पान पुढे आणलं की फोटो मागे. माणूस दोन ओळी डोक्यात धरून उड्या मारतो. याच उड्यांत तीन वर्षांपूर्वी एका पत्रिकेत गोरज मुहूर्त ६ वाजून ३२ मिनिटांचा ६ वाजून २३ मिनिटांचा झाला. प्रूफ मुलीच्या काकांनी पाहिलं होतं, सही केली होती, तरी ४०० पत्रिका मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. नऊ मिनिटांनी काही बिघडत नाही असं काका म्हणाले. काकू म्हणाल्या, बिघडतं.

तेव्हापासून दुसरा पडदा घ्यायचं मनात होतं. यंत्र माझं २०१४ चं, चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. माझ्याकडे दोन्ही नाही. गेल्या दिवाळीत नाशिकहून भाचा आला. फराळ होईपर्यंत त्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सची एक आवृत्ती, टाकून दिलं. जुनी हार्डडिस्क काढून तिच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली तेवढाच खर्च. यंत्र विशीत गेलं म्हणायला हरकत नाही.

पडदा मात्र मी स्वतः शोधला. भंगारवाल्याच्या गोदामात कुठल्याशा कार्यालयातून आलेले चौकोनी मॉनिटर रचून ठेवले होते, पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेले. १९ इंची, जुन्या घाटाचा, ६०० रुपयांना दिला. त्याच्या स्टँडची मान फिरते हे पाहून मी घेतला, म्हणजे पडदा उभा करता येतो. भंगारवाला म्हणाला, "जिभाऊ, आते हाई डबडं लई काय करशात?" म्हटलं, "वाचसू."

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्या संगणकाच्या पाठीला मॉनिटरची वायर लावायची दोन तोंडं आहेत, एक एचडीएमआय आणि एक निळं व्हीजीए. २२ इंची मॉनिटर एचडीएमआयवर होताच. भंगारातला व्हीजीएवर लावला. चित्र लगेच आलं. लिनक्सला दुसरा पडदा लागतच नाही म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. कुठला ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, शोधला नाही, सीडी घातली नाही. इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो. पण चित्र आलं ते पसरट. अक्षरं शाई फुटल्यासारखी, गोल आकार अंड्यासारखे. सेटिंगमध्ये पाहिलं तर १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या वर काही निवडताच येईना. मॉनिटर खरा १२८० बाय १०२४ चा.

ज्या दुकानातून वायर घेतली होती तिथे गेलो. त्यांनी यंत्राकडे पाहिलंही नाही. लिनक्स आहे ना, मग तसंच दिसणार, म्हणाले. पुन्हा विंडोज टाका, नाहीतर साडेतीन हजारांचं ग्राफिक कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा वेगळा भाग) घ्या. मी कार्ड घेतलं नाही. चिकाटी म्हणा, नाहीतर खिशात साडेतीन हजार नव्हते म्हणा.

रात्री भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने टर्मिनलची काळी खिडकी उघडायला लावली आणि एक शब्द टायपायला सांगितला : एक्स, आर, ए, एन, डी, आर. सहाही अक्षरं लहान, मध्ये जागा नाही. त्याचा उच्चार तो एक्स-रँडर असा करतो. एंटर दाबल्यावर यादी आली. एचडीएमआय-१ जोडलेला, खाली त्याची बरीच मोजमापं. व्हीजीए-१ जोडलेला, खाली तीन-चारच, आणि त्यातलं सगळ्यात मोठं १०२४ बाय ७६८. भाचा म्हणाला, "मामा, मॉनिटर स्वतःची ओळखच देत नाहीये." मग समजावून सांगितलं. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात किमान १२८ बाइटची एक छोटी चिठ्ठी असते, तिला ईडीआयडी म्हणतात. मी कोण, कुठल्या कंपनीचा, माझी रुंदी-उंची किती, मला कुठली मापं चालतात, सगळं त्यात. संगणक चालू होताना ती वाचतो. वाचता आली नाही की बिचारा अंदाजाने सगळ्यांना चालेल असं माप लावतो. तेच ते १०२४ बाय ७६८.

तात्पुरता उपाय त्याने करून दाखवला. सी, व्ही, टी एवढं लिहून पुढे १२८० आणि १०२४ हे आकडे दिले की संगणक एक लांबलचक ओळ काढून देतो. ती ओळ त्या पहिल्या आज्ञेला 'नवीन माप' म्हणून द्यायची, मग ते माप व्हीजीए-१ ला जोडायचं. केलं आणि अक्षरं एकदम कातीव झाली! पण संगणक बंद करून चालू केला की सगळं पुसलं जातं. रोज सकाळी उदबत्ती लावावी तसं हे करायचं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, एका फायलीत लिहून ठेवू. मी म्हटलं थांब, आधी चिठ्ठी का पोचत नाही ते पाहू. पोस्टमन कुठे अडलाय?

दुसऱ्या दिवशी वायर काढली, खिडकीत बसलो आणि प्रूफ पाहायचं भिंग लावलं. व्हीजीएच्या प्लगमध्ये पिनांच्या तीन ओळी असतात, प्रत्येकीत पाच, म्हणजे पंधरा. रुंद बाजू वर धरून प्लग आपल्याकडे केला तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ५, मधल्या ओळीत ६ ते १०, खालच्या ओळीत ११ ते १५. यंत्राच्या पाठीवरच्या भोकांत हेच आकडे उलटे, उजवीकडून सुरू. हे कळायला मला क्षणही लागला नाही. खिळ्यांवरची अक्षरं उलटी वाचण्यातच उमेदीची वर्षं गेली. मधल्या ओळीतली चौथी जागा, म्हणजे ९ नंबर, रिकामी दिसली. इथेच घोटाळा सापडला असं वाटलं. भाच्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, ९ नंबरची पिन पुष्कळ वायरींत नसतेच, तिच्यावाचून अडत नाही. खालची ओळ पाहा. भिंग खाली नेलं. डावीकडून दुसरी पिन, १२ नंबर, आडवी झोपली होती. तुटली नव्हती, मुळापासून वाकून प्लगच्या कडेला टेकली होती. कुणीतरी कधीतरी प्लग तिरका खुपसला असणार. १२ आणि १५ या दोन पिना मॉनिटरची ती चिठ्ठी नेतात. लाल, हिरवा, निळा रंग नेणाऱ्या १, २, ३ नंबरच्या पिना शाबूत, म्हणून चित्र येत होतं. चिठ्ठी तेवढी येत नव्हती.

पंधरा खिळ्यांत एक खिळा पडला तर तो ओळखणं, हे मी चौदा वर्षं रोज केलं होतं. फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, आवळताना पडलेला खिळा छापल्यावर कळला तर मालक काय करत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बारीक चिमट्याने पिन सरळ करायला गेलो आणि ती मोडली. साहजिकच. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून वायर उसनी आणली, लावली, संगणक चालू केला. १२८० बाय १०२४ आपोआप. सेटिंगच्या खिडकीत मॉनिटरच्या कंपनीचं नावसुद्धा उमटलं, जणू पाहुण्याला शेवटी बोलतं केलं. नवी वायर १२० रुपयांना मिळाली. लिनक्सचा यात पैशाचाही दोष नव्हता. हीच वायर विंडोजच्या यंत्राला लावली असती तर तिथेही हेच झालं असतं. पण तिथे दुकानदार म्हणाला असता, वायर बदलून पाहा. लिनक्स म्हटलं की वायर कुणी पाहतच नाही. माझं गाऱ्हाणं एवढंच आहे.

पुढची मांडणी सोपी होती, पण एका गमतीत माझे दोन दिवस गेले. सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' उघडलं की दोन पडद्यांचे दोन चौकोन दिसतात. माउसने ओढून ते टेबलावर जसे आहेत तसे ठेवायचे. मी १९ इंची डावीकडे ठेवला आणि तिथेच त्याला ९० अंशांत वळवला, मग खऱ्या स्टँडची मान फिरवली. आता तो १०२४ रुंद आणि १२८० उंच. पण कधीकधी डाव्या पडद्यावरून उजव्यावर जाताना माउसचा बाण भिंतीला आपटल्यासारखा अडायचा. मला वाटलं माउस गेला. नंतर उमगलं की डावा १२८० ठिपके उंच आणि उजवा १०८०. वरच्या कडा जुळवल्या होत्या, म्हणून डाव्याच्या तळाशी २०० ठिपके असे होते की त्यांच्या पलीकडे पडदाच नाही. तिथे बाण जाणार कुठे? चौकोन ओढून खालच्या कडा जुळवल्या. आता अडतो तो वर, जिथे मी सहसा जात नाही. 'मुख्य पडदा' म्हणून उजव्याला खूण केली, म्हणजे खालची पट्टी तिकडे राहिली. ही मांडणी घरच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फायलीत साठते, रोज करावी लागत नाही. फक्त पासवर्डचं पान त्या फायलीच्या आधी येतं, त्यामुळे उभ्या पडद्यावर ते आडवं पडलेलं दिसतं. दहा सेकंद मान वाकडी करतो. चालतं.

उभ्या पडद्याचा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण आमच्या धंद्यातल्या कुणालाही तो पटेल. ए-फोर कागद जवळजवळ पावणेबारा इंच उंच. माझ्या २२ इंची पडद्यावर इंचाला १०० ठिपके बसतात आणि उंची १०८० ची, म्हणजे पावणेअकरा इंच. कागद खऱ्या मापात ठेवला तर इंचभर पोटात जातो. जुन्या चौकोनी पडद्यावर इंचाला ८६ ठिपके, पण उभा केल्यावर उंची १२८०, म्हणजे पंधरा इंचांच्या आसपास. आख्खा कागद त्याच्या खऱ्या मापात मावतो, वर हवा खेळते. सातबारा, खरेदीखत, हस्तलिखिताचं पान, काहीही. महागड्या पडद्याला जे जमत नाही ते भंगारातल्याला जमलं. त्या दिवसापासून पत्रिकेच्या मुहूर्तात माझी चूक झालेली नाही. काकूंना कळवावं म्हणतो.

आणखी दोन-तीन गोष्टी, लोक फसतात म्हणून. एचडीएमआय आकड्यांत बोलतं, व्हीजीए लाटांत. दोघांच्या मध्ये दुभाषी लागतो, म्हणजे चिप असलेला कन्व्हर्टर. एका टोकाला हे आणि दुसऱ्याला ते असलेली नुसती साधी वायर बाजारात मिळते, तिने काही होत नाही. आणि कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो, एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा उलटा लावून भागत नाही. दुसरं, वेगळं ग्राफिक कार्ड बसवलं की मदरबोर्डवरची (संगणकाच्या मुख्य पाटीवरची) तोंडं बऱ्याचदा आपोआप बंद होतात. चोपड्याच्या माझ्या एका फोटोस्टुडिओवाल्या मित्राने एक पडदा कार्डाला आणि एक मदरबोर्डला लावून आठवडाभर लिनक्सला शिव्या घातल्या. दोन्ही पडदे कार्डालाच लावल्यावर काम झालं. मदरबोर्डचंही तोंड हवं असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. कार्ड एनव्हिडियाचं असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून त्यांचा ड्रायव्हर घेतलेला बरा. तिसरं, मी सांगितलेली एक्स-रँडरची युक्ती मिंटच्या नेहमीच्या मांडणीत चालते. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत आता पडदा चालवायची वेलँड नावाची नवी पद्धत असते, तिथे त्या आज्ञेने माप बदलत नाही, सेटिंगमधूनच बदलायचं.

खोटी जाहिरात करायची नाही म्हणून एक उणीवही सांगतो. माझ्या १९९६ पासूनच्या पत्रिका जुन्या, बिगर-युनिकोड फाँटांत आहेत, म्हणजे युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत त्यांत नाही. ते सॉफ्टवेअर लिनक्सवर मी चालवत नाही. त्या फायलींसाठी जुनी हार्डडिस्क जपून ठेवलीय आणि तिला इंटरनेट दाखवत नाही. नवं काम युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कळफलकावर, लिबरऑफिस आणि स्क्राइबस (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) यांत करतो. पहिले दोन महिने बोटं भांडली.

आता शाळेचं. ते पत्र वाचून मी स्वस्थ बसलो नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाची तालुक्यातच शाळा आहे, नाव लिहीत नाही. तिथेही लिनक्स टाकून कपाटात ठेवलेला संगणक होता. मुख्याध्यापकांनी प्रोजेक्टर लावून दाखवला. भिंतीवर नुसतं हिरवं नक्षीचं चित्र, बाकी काही नाही. "पाहा, एवढंच येतं. धडा उघडला तर इकडेच उघडतो, तिकडे जात नाही." गंमत बघा, प्रोजेक्टर लागला होता. इतका चांगला लागला होता की लिनक्सने त्याला दुसरा पडदा समजून टेबल लांब करून दिलं होतं. धडा पहिल्या पडद्यावर आणि भिंत म्हणजे दुसरा, रिकामा. खिडकीची खूण असलेली कळ आणि पी, दोन्ही एकदम दाबल्या. पडदे कसे हवेत ते विचारलं गेलं, दोन्हीकडे सारखं निवडलं, धडा भिंतीवर आला. मग परत लांब करून दाखवलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "सर, बाण भिंतीवर गेला!" लांब ठेवण्यात फायदा आहे हेही सांगितलं. लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये (स्लाइड दाखवायच्या भागात) धडा सुरू केला की मुलांना भिंतीवर फक्त पान दिसतं आणि शिक्षकांना त्यांच्या पडद्यावर पुढचं पान, टिपणं आणि घड्याळ. हे दोन पडद्यांशिवाय होतच नाही. या सगळ्याला वीस मिनिटं लागली, त्यात चहा धरलेला आहे.

छतावरून नेलेल्या लांब वायरीवर प्रोजेक्टर अंधुक किंवा पसरट दिसत असेल, तर मात्र माझीच गोष्ट आठवा. लांब वायरीत आणि एकाचे दोन करणाऱ्या डब्यांत ती चिठ्ठी बऱ्याचदा हरवते. आधी छोट्या वायरीने प्रोजेक्टर जवळ घेऊन पाहावं.

केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात, तिथल्या काईट या संस्थेने त्यासाठी स्वतःची आवृत्तीच काढलीय. तिथले प्रोजेक्टर काही वेगळे नसतात. आणि आमचं अमळनेर म्हणजे जिथे १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून विप्रो सुरू झाली. इथल्या शाळेने एका वाकलेल्या पिनेपायी संगणक लिलावात काढावेत, हे मला तरी पचत नाही.

त्या शिक्षकबंधूंना विनंती, लिलावाची तारीख पंधरा दिवस पुढे ढकला. प्रत्येक यंत्राची वायर बदलून पाहा, प्लग उजेडात धरून खालची ओळ मोजा, आणि खिडकीची कळ व पी दाबा. एवढं करूनही न चाललेली यंत्रं मला कळवा, त्यांचे चौकोनी मॉनिटर मी भंगाराच्या भावाच्या वर घेईन. माझ्या ओळखीचे तीन डीटीपीवाले उभ्या पडद्यासाठी रांगेत आहेत.

माझं नाव छापू नये ही विनंती. छापलंत तर गावातल्या यच्चयावत तुटक्या वायरी उद्या सकाळी माझ्या ओट्यावर येतील, आणि वकीलसाहेबांचा दावा अजून अर्धाच झालाय.

आपला,
एक जुना कंपोझिटर
अमळनेर, जि. जळगाव